गोल शिक्का, हिरवं आभाळ

आमच्या पिढीच्या फोटोवाल्यांना उंचीची भीती कधी वाटली नाही. भीती वाटली ती आवक-जावक टेबलाची. कड्याच्या टोकावर उभं राहून कॅमेरा डोळ्याला लावणारी माणसं आम्ही. पण टेबलापलीकडच्या साहेबानं मान वर न करता 'काय काम आहे?' विचारलं, की हातातला अर्ज घामानं ओला व्हायचा. आज त्या टेबलाच्या जागी फोनच्या पडद्यावरचा नकाशा आला आहे. नकाशा ताटकळत ठेवत नाही, उद्या या म्हणत नाही, आणि काय काम आहे असंही विचारत नाही. मुळशी तालुक्यातल्या पौड-पिरंगुटच्या पट्ट्यात ड्रोन उडवून पोट भरणाऱ्या आम्हां पन्नाशीतल्या मंडळींना याचा आनंद व्हायला हवा, आणि झालाही आहे. तरी पावसाळ्यात काम बंद असलं, बॅटऱ्या कपाटात पडून राहिल्या, की टपरीवरचं आमचं बोलणं फिरून फिरून त्याच टेबलापाशी येतं. आता याला आठवण म्हणायचं की खोड, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

ड्रोन येण्याआधी 'वरून फोटो' काढायचा तर स्वतः वर जावं लागायचं. मुळशी त्या बाबतीत सोयीची; इथे कुठल्याही जागेसमोर एक डोंगर असतोच. कोळवण खोऱ्यातली जमीन विकायला निघाली, की समोरच्या टेकाडावर चढायचं. गावात लग्न असलं, की शाळेचा स्लॅब, पाण्याची टाकी, नाहीतर मांडवाचं सामान घेऊन आलेल्या ट्रकचं टप. यजमान दिलदार असला तर पुण्याहून जिब क्रेन यायची आणि तिनं मांडवाचा अर्धा रस्ता अडायचा. स्लॅबवर जायचा जिना कुणाच्या तरी घरातून असायचा, आणि घरात आजी असायची. आजीला सगळं सांगावं लागायचं : लग्न कुणाचं, नवरी कुठली, आणि आम्ही कुणाचे. उत्तरं पटली तर जिन्याचं दार उघडायचं आणि उतरताना चहा घेतल्याशिवाय सुटका नसायची. पटली नाहीत तर वर वाळत घातलेल्या कुरडयांचं कारण पुढे यायचं. कुरडयांमधून जपून पाय टाकत काढलेले कितीतरी फोटो या तालुक्यातल्या अल्बमांत आहेत. त्यांत झाडून सगळी वऱ्हाडी मंडळी डोळे बारीक करून वर बघताहेत, कारण वरून आम्ही 'इकडे बघा, इकडे' म्हणून ओरडत होतो.

फोटो बरे होते असं कुणी म्हणू नये. अर्ध्यांत विजेच्या तारा, उरलेल्यांत टाकीचा कठडा. आजच्या पोराचा ड्रोन मांडवावर शंभर फुटांवर स्थिर उभा राहतो, आणि खाली कुणाला वर बघायला सांगावं लागत नाही. फोटो शंभर पटींनी चांगला येतो. त्यात माणसांचे चेहरे नसतात, टोप्या आणि फेटे असतात, एवढंच.

आता मुळशीत ड्रोन उडवायचा तर आधी आभाळाचा रंग बघायचा. २५ ऑगस्ट २०२१ला नवी ड्रोन नियमावली आली आणि पाठोपाठ २४ सप्टेंबरला सरकारनं देशभरच्या आभाळाचा नकाशा 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावर टाकला. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. हिरव्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, कुणाची परवानगी नको. पिवळ्यात विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. लाल रंगात थेट केंद्र सरकारची, म्हणजे आमच्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊच नये. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. आणि जिथे हिरवा आहे तिथेही ४०० फुटांच्या वर गेलात की पिवळाच. आमच्या बाजूचा विमानतळ लोहगावचा, आणि तो हवाई दलाचा तळ; तिथलं नियंत्रण हवाई दलाकडे. पण लोहगाव ते हिंजवडी सरळ रेषेत वीसेक किलोमीटर, पौड त्याहून पुढे. त्यामुळे लोहगावचा पिवळा रंग आमच्या तालुक्यापर्यंत पोचत नाही. याआधीच्या नियमांत हा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरचा होता. कंपास घेऊन वर्तुळ काढलंत तर त्यात हिंजवडी, पिरंगुट, पौड हे सगळं बसून रेघ साधारण मुळशी धरणाच्या भिंतीजवळ जाते. एका सरकारी कागदानं ४५चे १२ केले आणि आमच्या डोक्यावरचा सगळा मुलूख मोकळा झाला. त्या दिवशी वर बघितलं तर आभाळ होतं तसंच होतं, पण कामाचे फोन वाढले.

त्याआधीची गोष्ट वेगळी होती. मुळात या देशात हवेतून काही टिपणं हा संशयाचा विषय होता. १९३७च्या विमान नियमांप्रमाणे उडत्या विमानातून फोटो काढायला परवानगी लागायची. ज्या १९३४च्या विमान कायद्याखाली हे सगळं चालायचं, त्यात 'विमान' या शब्दाच्या व्याख्येत पतंगही बसवलेला होता. म्हणजे संक्रांतीला शाळेच्या मैदानावर आम्ही जे करायचो ते कायद्याच्या नजरेत विमानोड्डाण होतं. नकाशांचंही तेच. डोंगरात हिंडणाऱ्या प्रत्येकाला सर्वेक्षण खात्याचे ४७ एफ मालिकेतले नकाशे हवे असायचे, आणि ते कुणाकडेच सरळ मार्गानं आलेले नसायचे. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. समोच्च रेषा एकमेकींत मिसळून ताम्हिणीचा कडा कागदावर काळा डाग होऊन बसलेला. ती घडी घातलेली प्रत एकानं दुसऱ्याला देणं हा एक विधी होता. देणारा बजावायचा, 'कुणाला सांगू नको.' घेणारा पुढच्याला देताना हेच बजावायचा. २००५मध्ये नकाशांचं धोरण सैलावलं आणि १५ फेब्रुवारी २०२१ला बहुतेक बंधनंच उठली. आता डोंगराची प्रत्येक घळ फोनवर बोटानं मोठी करून बघता येते, आणि तरी दर पावसाळ्यात कुणीतरी अंधारबनात वाट चुकतंच.

ड्रोनचा पहिला जमाना तर विनोदच होता. २०१३मध्ये ते पांढरं, चार पंखांचं 'फँटम' बाजारात आलं, आणि ७ ऑक्टोबर २०१४ला विमान वाहतूक महासंचालनालयानं जाहीर सूचना काढून खासगी ड्रोन उडवायला बंदी घातली. ती १ डिसेंबर २०१८ला नवे नियम लागू होईपर्यंत टिकली. म्हणजे चार वर्षं आभाळ कागदावर बंद होतं, आणि त्याच चार वर्षांत एकही मोठं लग्न ड्रोनशिवाय झालं नाही. जिल्ह्याचा नेता स्टेजवर, त्याच्या डोक्यावर ड्रोन, आणि बंदोबस्ताचे पोलीस हवालदार हात वर करून ड्रोनला टाटा करताहेत, अशी दृश्यं आमच्या हार्ड डिस्कवर आहेत.

तरीही आम्ही अर्ज करायचो. कशासाठी, तर 'उद्या काही झालं तर आपल्याकडे कागद असावा' म्हणून. त्या अर्जाचा साचा आम्हांला आरतीइतका पाठ होता. वर उजव्या कोपऱ्यात तारीख. प्रति, मा. पोलीस निरीक्षक साहेब. विषय : विवाह समारंभात कॅमेरायुक्त रिमोट यंत्राद्वारे चित्रीकरण करणेबाबत. 'ड्रोन' लिहायचं नाही. ड्रोन म्हटलं की साहेब दचकतात, असा अनुभवी मंडळींचा सल्ला. मग 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की' इथून सुरू होणारं एकच वाक्य, जे पानाच्या शेवटी 'ही नम्र विनंती'पाशी संपायचं. सोबत आधार कार्डाची प्रत आणि लग्नपत्रिका. पत्रिका जोडलेली असली की अर्जाला घरगुती कळा यायची. साहेब आधी पत्रिकाच वाचायचे आणि 'हे अमक्याचे कोण?' म्हणून विचारायचे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. बारनिशीतला माणूस शिक्का शाईच्या पॅडवर दोनदा आपटायचा, एकदा कागदावर आपटायचा, आणि तो गोल, जांभळा, कधीच पूर्ण न उमटणारा शिक्का घेऊन आम्ही परवानगी मिळाल्याच्या थाटात बाहेर पडायचो. परवानगी मिळालेली नसायची. अर्ज मिळाल्याची पोच मिळालेली असायची. पण त्या अर्धवट गोलाची घडी पाकिटात असली की हात कापत नसे.

या सगळ्याला सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. ती पद्धत वाईटच होती. ओळख असलेल्याचं काम बसल्या बसल्या व्हायचं, नसलेल्याच्या चपला झिजायच्या. एका ठिकाणी तर आमचा अर्ज कार्य उरकून, पूजा होऊन, नवरी पहिल्या सणाला माहेरी आल्यावर 'चौकशीकामी' बाहेर आला. कुणाला विचारायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पोलीस म्हणायचे महसूलकडे जा, महसूलवाले म्हणायचे हे दिल्लीचं काम. कुणीच स्पष्ट 'हो' म्हणायचं नाही, कुणीच लेखी 'नाही' द्यायचं नाही, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत आमचा धंदा चालायचा.

आता ती फट बुजली आहे. नव्या नियमावलीनं २५ फॉर्मचे पाच केले, ७२ प्रकारच्या शुल्कांचे चार. ड्रोनचे वजनावरून पाच वर्ग : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम, त्यापुढे लार्ज. धंद्यासाठी मायक्रो किंवा त्याहून मोठा ड्रोन उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट हवं. म्हणजे दहावी पास, वय १८ ते ६५, आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. ड्रोनला स्वतःचा ओळख क्रमांक, वर विमा. मोडलंत तर एक लाखापर्यंत दंड. नॅनोला सर्टिफिकेट लागत नाही, म्हणून आताची पोरं २४९ ग्रॅमचा ड्रोन घेतात आणि तो एक ग्रॅम वाचवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. म्हणजे फट बुजली म्हणतात तीही पूर्ण बुजलेली नाही. ९ फेब्रुवारी २०२२ला परदेशी ड्रोनची आयात बंद झाली, आणि त्यानंतर निघालेली परदेशी मॉडेलं मुळशीच्या रिसॉर्टांत कशी उडतात, हे विचारू नये.

सर्टिफिकेटचा वर्ग हा आमच्या पिढीसाठी वेगळाच अनुभव. केस पिकलेली माणसं पोरांबरोबर बाकावर बसून आभाळ शिकली. जगभरच्या आभाळाचे ए पासून जी पर्यंत सात वर्ग असतात. डी वर्गात शिरायचं तर प्रत्येक विमानाला नियंत्रण कक्षाची मंजुरी लागते, जी वर्गात नियंत्रणच नसतं. विमानतळाभोवती वेगळं आभाळ, विमानांच्या मार्गांवर वेगळं, आणि आपल्या भातखाचरावरचं खालचं आभाळ कुणाच्याच ताब्यात नसलेलं. आयुष्यभर आम्ही ज्याला 'मोकळं' समजलो त्यात एवढे मजले आहेत, हे पन्नाशीत कळलं. हे ज्ञान आधी मिळायला हवं होतं, यात वाद नाही. फँटमच्या दिवसांत लोहगावच्या अलीकडे-पलीकडे कितीजणांनी कितीवेळा काय उडवलं आणि काहीही झालं नाही, याचं श्रेय कौशल्याला देता येणार नाही, ते दैवाचं.

त्या अज्ञानाच्या काळात परवानगीचा खरा कारभार गावात चालायचा. गाडी गावात शिरली की आधी पोलीस पाटलाच्या दारात. मग सरपंच भेटले तर सरपंच, नाहीतर देवळाच्या पारावरची मंडळी. पेटी उघडून यंत्र दाखवायचं. 'हे काय?', 'किती वर जातं?', 'माझ्या घराचा पत्रा दिसेल का? गळतोय कुठे बघायचंय.' पत्रा दाखवायचाच, ती दक्षिणा. पोरं गोळा व्हायची, आणि त्यांतल्या सगळ्यांत दंगेखोर पोराला बॅटरी धरायला द्यायची, की बाकीची आपोआप शिस्तीत राहायची. ड्रोन उठला की अख्खं गाव माना वर करायचं. गोठ्यातली म्हैस बिथरायची, कुत्री भुंकायची, आणि कुणीतरी ओरडायचं, 'अंघोळीच्या न्हाणीवर नेऊ नका रे!' तिथे तो जायचा नाही. सगळं गाव बघत असताना कोण नेईल?

आता आम्ही गाडी रस्त्याच्या कडेला लावतो, फोनवर हिरवा रंग बघतो, बॉनेटवरून ड्रोन उडवतो, काम करतो, निघतो. गावात शिरावं लागत नाही. वर कुणी बघत नाही. ड्रोन आता शेतावरच्या बगळ्याइतकाच ओळखीचा झालाय. आणि बघितलंच कुणी, तर वेगळ्या नजरेनं. २०२४च्या जून-जुलैत पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री आकाशात ड्रोन दिसल्याच्या बातम्या सुरू झाल्या. चोर टेहळणी करताहेत, अशी हाकाटी उठली, गावोगावी रात्रीचे पहारे बसले. मराठवाड्यातही तेच लोण गेलं. कुठला दिवा ड्रोनचा आणि कुठला विमानाचा, हे सांगायला कुणी नव्हतं. त्या दिवसांत दिवसाढवळ्या, कागदपत्रं घेऊन, हिरव्या आभाळात काम करणाऱ्यालाही लोक घेरून विचारायचे, 'कुणाला विचारून उडवतोस?' नियमाप्रमाणे उत्तर होतं, कुणालाच विचारायची गरज नाही. हे उत्तर कायद्यानं बिनचूक होतं, आणि गावात उभं राहून ते द्यायची कुणाची हिंमत नव्हती.

कड्यावरच्या कामाचंही असंच. पूर्वी ताम्हिणीच्या बाजूला कॅमेरा घेऊन जायचं तर वाऱ्याचा अंदाज गुराख्याला विचारायचा. 'दुपारनंतर खालून भरारा येतो' एवढंच तो सांगायचा, आणि ते कधी चुकायचं नाही. बाकी उंचीबिंचीचं आम्हांला काही पडलेलं नव्हतं. आता पडद्यावर आकडा येतो, आणि तो आकडा कड्यावर फसवतो. ड्रोन दाखवतो ती उंची तुम्ही जिथून उडवलात त्या जागेपासूनची. नियम मोजतो ती ड्रोनच्या खालच्या जमिनीपासूनची. कुंडलिकेच्या दरीच्या काठावरून उडवलेला ड्रोन पडद्यावर ५० मीटर दाखवत असतो. तो काठ ओलांडून कोकणाच्या बाजूला शंभर पावलं गेला, की खालची जमीन शेकडो मीटर खाली घसरलेली असते. आकडा ५०च राहतो, पण ४०० फुटांची मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते. हिरव्यातून पिवळ्यात गेल्याचं ना ड्रोनला कळतं, ना उडवणाऱ्या पोराला. समाजमाध्यमांवर दरीवरून सुसाट निघालेले जे सुंदर शॉट दिसतात, त्यांतले किती हिरव्यातले आणि किती पिवळ्यातले, याचा हिशेब कुणी मांडत नाही. गुराख्याला फूट-मीटर ठाऊक नव्हते, पण कडा कुठे संपतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शिवाय नकाशावरचा हिरवा म्हणजे विमानांच्या बाजूनं हरकत नाही, इतकंच. जमिनीचे मालक वेगळे. ताम्हिणीला २०१३पासून अभयारण्य आहे. तिथे वनखात्याला विचारल्यावाचून कॅमेरा काढायचा नाही. धरण टाटांचं, त्याची शिस्त वेगळी. तालुक्याच्या आग्नेयेला खडकवासल्याकडे एनडीए. तिकडे ड्रोनचं तोंडही करायचं नाही. ॲम्बी व्हॅलीला स्वतःची धावपट्टी. कुणी बडी असामी येणार असली की राज्याचे अधिकारी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल रंग लावू शकतात. हा अधिकार पोलीस अधीक्षक दर्जाच्या खाली जात नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, तसे २०२४ला भुशी धरणाच्या दुर्घटनेनंतर निघाले. आणि तालुका तर पोलिसांतही वाटला गेलाय : पौड पुणे ग्रामीणकडे, हिंजवडी २०१८पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. म्हणजे परवानग्या पूर्वी होत्या तेवढ्याच आहेत. फक्त पूर्वी त्या एका माणसाच्या 'बघतो'मध्ये बसायच्या, आता दहा खिडक्यांत विखुरल्या आहेत आणि त्यांतली एकच खिडकी फोनवर उघडते.

जमीन मोजणीचंच बघा. पूर्वी भूकरमापक साखळी घेऊन यायचा. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. लगतच्या खातेदारांना नोटिसा जायच्या आणि त्या दिवशी सगळे भाऊबंद बांधावर हजर व्हायचे. एकानं साखळीचं टोक धरायचं, दुसऱ्यानं ती सैल सोडल्याचा आरोप करायचा, तिसऱ्यानं आजोबांनी पुरलेला दगड शोधायचा. दिवसभर मोजणी, संध्याकाळी भांडण. कैक दावे त्या एका दुपारी जन्मले आणि नातवंडांपर्यंत चालले. आता गावठाण मोजायला ड्रोन येतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२०ला 'स्वामित्व' योजना सुरू होऊन तो पुढे देशभर गेला. गावकऱ्यांनी आपापल्या घराभोवती फक्कीच्या रेघा मारायच्या, ड्रोन वरून त्या टिपतो, आणि पिढ्यान् पिढ्या ज्या घराचा कागद नव्हता त्याला मिळकत पत्रिका मिळते. याहून चांगलं काय असेल? मात्र फक्की मारायच्या आदल्या संध्याकाळी शेजारी शेजाऱ्याकडे चहाला जातो आणि रेघ कुठून जाणार ते ठरवतो. ड्रोनचं काम त्या चहानंतर सुरू होतं. सरकारी पत्रकात त्या चहाचा उल्लेख नसतो.

मुळशीत तर 'परवानगी' हा शब्द जपूनच उच्चारावा. १९२१मध्ये इथे सत्याग्रह झाला तो याचसाठी. टाटांच्या धरणासाठी खोरं बुडणार होतं, आणि ज्यांची घरं-शेतं पाण्याखाली जाणार त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सेनापती बापट आणि मावळे उभे राहिले, तुरुंगात गेले, धरण झालं. कायदा शेवटी धरणाच्याच बाजूनं उभा राहिला. तो सगळा व्यवहार हिरव्यातलाच होता म्हणायचा. आज त्याच जलाशयावर ड्रोन फिरवून आम्ही 'लेक व्ह्यू' प्लॉटच्या जाहिराती काढतो, आणि गिऱ्हाईक विचारतं, 'पाणी जरा निळं करता येईल का?' येतं. आम्ही करून देतो.

नव्या पोरांना हे सगळं ऐकवलं की ती हसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांना कुणाच्या पुढ्यात उभं राहावं लागत नाही. आडनाव सांगावं लागत नाही; पूर्वी आडनाव ऐकून ठरायचं, पाणी ओट्यावर द्यायचं की घरात. ज्या मुलीला त्या काळात 'बाई माणसाचं काम नव्हे' म्हणून टेबलावरूनच परत पाठवलं असतं, ती आज सर्टिफिकेट दाखवून भातावर फवारणीचा ड्रोन उडवते. २०२३पासून 'ड्रोन दीदी' म्हणून सरकारही तिच्या पाठीशी आहे. नकाशाला जात कळत नाही, बाईमाणूस कळत नाही, ओळख कळत नाही. हे सगळं न कळणं हाच त्याचा मोठेपणा. फक्त त्याला न्हाणीही कळत नाही, गळका पत्राही कळत नाही, आणि आताच्या नियमावलीत शेजाऱ्याच्या अंगणात डोकावण्याबद्दल वेगळं कलम नाही. ४०० फुटांच्या वर कोण, याचा विचार दिल्लीनं बारकाईनं केलाय. चाळीस फुटांच्या खाली कोण, हे त्यांनी आमच्या भिडेवर सोडलंय. आणि भीड रोज गावात शिरल्याशिवाय टिकत नाही.

म्हणून आमच्यातले काहीजण अजून गाडी गावात नेतात, पाटलांच्या दारात थांबतात, पेटी उघडून दाखवतात. पाटलांच्या मुलाला कळत नाही आम्ही काय विचारतोय ते. 'उडवा की, मला काय विचारता?' म्हणतो तो फोनमधून डोकं न काढता. आम्ही थोडे हिरमुसतो. खरं सांगायचं तर आम्हांला परवानगी नकोच असते. आम्हांला हवा असतो 'नाही' म्हणू शकेल असा एखादा माणूस. तो होता तेव्हा त्याला टाळायला आम्ही पहाटे पाचला ड्रोन उडवायचो, आणि त्याच्या नावानं बोटं मोडायचो. उद्या तो पुन्हा टेबलापलीकडे येऊन बसला आणि मान वर न करता 'काय काम आहे?' म्हणाला, तर पुन्हा तेच करू.